पाण्याखालचा पहिला श्वास

थायलंडच्या आखातातील कोह ताओ या छोट्याशा बेटावर जगभरातून माणसे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली श्वास घ्यायला शिकण्यासाठी येतात. मुलानातवंडांबरोबर परदेशी सहलीला गेलेल्या आपल्याकडील ज्येष्ठांनाही आता असा आग्रह होतो : “आजोबा, तुम्हीही चला ना खाली!” आजोबांचे डोळे चमकतात. त्याच वेळी समोर एक छापील कागद येतो. ती असते आरोग्यविषयक प्रश्नावली, आणि ज्येष्ठांच्या दृष्टीने साऱ्या प्रशिक्षणात तिच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही.

वय ४५ च्या पुढे असून रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल वाढलेले आहे का? मधुमेह, दमा, हृदयविकार आहे का? नुकतीच डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे का? नियमित औषधे चालू आहेत का? अशा प्रश्नांपैकी एकाचे उत्तर ‘हो’ आले, तरी डॉक्टरांची लेखी संमती मागितली जाते. होडी सुटायची वेळ झालेली असते, पैसे भरलेले असतात, नातू हिरमुसला होईल ही धास्ती असते. मग घरातलेच कोणीतरी मायेने सुचवते, “सगळीकडे ‘नाही’ लिहून टाका!” खरा धोका त्या क्षणी सुरू होतो.

शरीर पाण्यात बुडाले की हातापायांतील रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावरील भार वाढतो. उच्च रक्तदाब असलेल्यांच्या फुप्फुसांत अशा वेळी क्वचित पाणी साठून धाप लागते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे श्रम करताना नाडीचा वेग पुरेसा वाढत नाही. सोबतच्या प्रशिक्षकाला यातले काहीही दिसत नाही. त्याला आपल्याविषयी जे कळते, ते त्या कागदावरूनच.

पाण्याचे काही नियम वय पाहत नाहीत. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथे छातीभर घेतलेला श्वास रोखून वर आल्यास ती हवा फुगते आणि फुप्फुसांना इजा करते. म्हणून श्वास अखंड चालू ठेवणे हा पहिला धडा. वर्षानुवर्षे प्राणायाम करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे : संथ श्वासाची सवय इथे उपयोगी पडते, पण कुंभक पाण्याखाली सर्वथा वर्ज्य! उतरताना कान दुखू लागण्यापूर्वीच नाक चिमटीत धरून हलकेच हवा सोडावी. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरू नये. कवळी सैल असेल तर तसे आधीच सांगावे, कारण हवेची नळी दातांनी धरायची असते. खुणांची भाषाही निराळी. आपण ‘छान’ म्हणून अंगठा उंचावतो. तिथे त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो. ‘ठीक आहे’ सांगण्यासाठी अंगठा व तर्जनी जुळवून वर्तुळ करतात.

तेव्हा बेत ठरताच, विमानाची तिकिटे काढतानाच, ही प्रश्नावली संबंधित केंद्राकडून मागवून घ्यावी आणि औषधांच्या यादीसह आपल्या डॉक्टरांना दाखवावी. प्रवासविम्यात हा प्रकार समाविष्ट आहे का, तेही पाहावे. पहिला सराव जलतरण तलावात किंवा उथळ पाण्यात होईल, आणि नवख्यांना १२ मीटरपेक्षा खाली नेणार नाहीत, याची खात्री करून घ्यावी. सहलीचा कार्यक्रम आखताना शेवटची बुडी आणि परतीचे विमान यांत किमान १८ तास ठेवावेत.

वय हा स्वतःच अडथळा नव्हे. ब्रिटनचे रे वूली यांनी २०१९ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, सायप्रसजवळ बुडालेल्या ‘झेनोबिया’ जहाजापर्यंत बुडी घेतली. मात्र त्यांच्या गाठीशी अनेक दशकांचा सराव होता, हे विसरून चालणार नाही.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. “या वयात कशाला?” म्हणून परस्पर नकार देऊ नका, आणि “काही होत नाही” म्हणून ढकलूही नका. प्रश्नावली ज्येष्ठांच्या हाती द्या, चष्मा द्या आणि घाई न करता त्यांची उत्तरे त्यांनाच लिहू द्या. पाण्यात उतरल्यावरही त्यांनी अंगठा उंचावला, तर का म्हणून विचारू नका. डॉक्टरांनी नकार दिला तर तळाला काच असलेल्या बोटीतूनही प्रवाळ आणि मासे दिसतात. त्या बोटीत आजोबांच्या शेजारी नातवाने बसावे, एवढे मात्र पाहा.