स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी

संसार मोडला की आपल्या वस्तीत आधी बैठक बसते. उमरखेड असो की वणी, चित्र फारसे वेगळे नाही. चार जाणती माणसे जमतात, मुलीच्या बापाला समजावतात, काही हजारांवर तोड निघते आणि स्टॅम्प पेपरवर सह्या होतात. बाई माहेरी, नवरा दुसऱ्या लग्नाला मोकळा! कोर्टाची पायरी टळली म्हणून सगळेच खूश.

पण त्या कागदाने झाले काय? लग्न तर मोडलेच नाही. नोटरीच्या शिक्क्याने घटस्फोट होत नाही, तो न्यायालय देते. रूढीने काडीमोड झाला असे ज्याचे म्हणणे असेल, त्याला ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. १९५६ साली जुन्या रूढी फेकून दिलेल्या समाजाने पुन्हा त्याच रूढीच्या आडोशाला जावे, ही थट्टाच नव्हे काय?

दुसरे नुकसान अधिक मोठे आहे. त्या कागदावर 'आम्ही राजीखुशीने वेगळे राहत आहोत' असे लिहून घेतात. परस्परसंमतीने वेगळ्या राहणाऱ्या पत्नीला पोटगी मागता येत नाही, असे कायदाच म्हणतो. पूर्वीचे कलम १२५ म्हणजेच १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४. बाई अर्ज करते तेव्हा नवऱ्याचा वकील हाच कागद पुढे करतो. तिच्या सहीने तिचाच हक्क अडचणीत!

बैठकीत गेलेले महिनेही भरून मिळत नाहीत. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितले की, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही बाजूंनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र भरावे. दोन वर्षे पंचांच्या तोंडाकडे पाहण्यात गेली, तर ती दोन वर्षे गेलीच.

"वकिलाला पैसा कुठून आणायचा?" हा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. स्त्री असेल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल, तर उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो, कोर्ट फीसुद्धा. त्यासाठी यवतमाळलाच जावे असे नाही. तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो.

झरी-जामणी, मारेगावकडच्या कुमारी मातांचा प्रश्न वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षे येतो. यांतल्या अनेक जणी कोलाम, गोंड. त्यांना हिंदू विवाह कायदा सहसा लागू नाही, पण कलम १४४ सर्वांना आहे आणि त्यात विवाहाबाहेरच्या अपत्यालाही बापाकडून पोटगी मिळते. आई लेकरासाठी अर्ज करू शकते. तिला हे सांगायला आपला कोणता कार्यकर्ता गेला?

विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास यासाठी काढता येईल. अर्जाला निघताना लग्नाची पत्रिका किंवा फोटो, मुलांचे जन्मदाखले, आधार कार्ड, जातीचा दाखला आणि नवऱ्याच्या कामाचा वा शेतीचा मिळेल तो पुरावा सोबत घ्यावा. स्टॅम्प पेपर आधीच झाला असेल तर तोही लपवू नये, वकिलाला पहिल्याच दिवशी दाखवावा. आणि आदेश होऊनही पैसे थकले, तर वसुलीचा अर्ज एका वर्षाच्या आत टाकावा.