पाठदुखीसाठी फुल सस्पेन्शन सायकल? घेण्याआधी हे वाचा

चाळिशी-पन्नाशीतले बरेच लोक हल्ली सायकलकडे वळले आहेत. वजन, रक्तदाब, साखर, झोप या सगळ्याला त्याचा फायदा होतो, त्यामुळे डॉक्टर म्हणून मला याचा आनंदच आहे. काही महिने डांबरी रस्त्यावर सायकल चालवली की काहींना टेकडीवरच्या आणि घाटातल्या कच्च्या पायवाटा खुणावू लागतात. यालाच ट्रेल रायडिंग म्हणतात. मग हमखास एक प्रश्न येतो : "डॉक्टर, मला पाठीचा त्रास आहे. दुकानदार म्हणतो फुल सस्पेन्शन घ्या, पाठीला आराम पडेल. घेऊ का?"

माझे मत आधीच सांगतो. आठवड्यातून एक-दोनदा खऱ्या खडकाळ वाटेवर जाणाऱ्याला फुल सस्पेन्शन सायकल नक्की उपयोगी आहे. पाठदुखीवरचा इलाज म्हणून मात्र ती घेऊ नका. असे का, ते समजून घेऊ.

सस्पेन्शन म्हणजे नेमके काय?

ज्या सायकलला फक्त पुढच्या चाकाला शॉक असतो तिला हार्डटेल म्हणतात. मागच्या चाकालाही शॉक असेल तर ती फुल सस्पेन्शन. चाक किती वर-खाली होऊ शकते याला ट्रॅव्हल म्हणतात. ट्रेलच्या सायकलींना साधारण १२० ते १५० मिमी ट्रॅव्हल असतो.

शॉकची कामे दोन. स्प्रिंग किंवा दाबलेली हवा धक्का झेलते आणि आतले तेल त्या स्प्रिंगची उसळी आवरते. हे दुसरे काम, म्हणजे डॅम्पिंग, फार महत्त्वाचे. शॉक गेलेली स्कूटर खड्ड्यातून गेल्यावर कशी हिंदकळत राहते ते आठवा. अगदी स्वस्तातल्या 'डबल शॉकर' सायकलींत मागे बहुधा नुसती स्प्रिंग असते. ती धक्का घेते आणि तुम्हाला वर फेकते. पेडल मारताना सायकल खाली-वर डुलते आणि वजनही वाढलेले असते. अशा सायकलीपेक्षा त्याच पैशातली साधी हार्डटेल कितीतरी चांगली.

पाठीपर्यंत धक्का कसा पोहोचतो?

सीटवर बसून खडबडीत वाटेवरून गेलात तर मागच्या चाकाचा धक्का सीटमधून सरळ कंबरेच्या मणक्यांत जातो. मागचा शॉक हा धक्का कमी करतो, हे खरे आहे. बसूनच पेडल मारत खडकाळ चढ चढता येतो आणि तीन तासांच्या फेरीनंतर थकवाही कमी जाणवतो.

पण ट्रेलवर, विशेषतः उतारावर, सीटवर बसायचेच नसते. दोन्ही पेडल एका पातळीत ठेवून उभे राहायचे आणि गुडघे व कोपरे किंचित वाकवायचे. तेव्हा तुमच्या मांड्या आणि पोट-पाठीचे स्नायू हेच सगळ्यात मोठे शॉक असतात. ते कमकुवत असतील तर १५० मिमी ट्रॅव्हलही पाठीला पुरणार नाही. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे नेमके हेच स्नायू कमजोर झालेले असतात. म्हणून सायकल घेण्याआधी निदान सहा ते आठ आठवडे मांड्या, नितंब आणि पोटाचे व्यायाम करा. याला पैसे लागत नाहीत.

बहुतेक दुखणी मापातून येतात

सायकलस्वारांच्या तक्रारी ऐकताना मी आधी सायकलचे माप विचारतो.

१. गुडघा पुढून दुखतो : सीट फार खाली असते. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंशच वाकलेला असावा.

२. गुडघा मागून दुखतो किंवा पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे हलते : सीट फार वर असते.

३. कंबर आणि मान दुखते : फ्रेम लांब असते किंवा हँडल फार पुढे-खाली असते.

४. करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येतात : तळहाताच्या कडेला अल्नार नर्व्ह दबते. हँडलवर भार कमी करा, पकड बदलत राहा. मुंग्या राहिल्या तर तपासून घ्या.

५. बैठकीच्या जागी बधिरपणा येतो : सीटचा आकार किंवा कल चुकलेला असतो. बधिरपणा अंगवळणी पाडून घेऊ नका.

यातले काहीही मागच्या शॉकने बरे होत नाही.

घ्यायचीच असेल तर काय पाहावे?

सह्याद्रीतल्या वाटा म्हणजे बसाल्टचे दगड, सुटा मुरूम आणि पावसाळ्यात शेवाळ. इथे नियमित जाणार असाल तर माझ्या मते १२० ते १४० मिमी ट्रॅव्हल पुरे. जास्त ट्रॅव्हल म्हणजे जास्त वजन, आणि ते चढावर तुमच्याच हृदयाला ओढायचे असते.

शॉक हवेचा असावा, म्हणजे तो तुमच्या वजनाप्रमाणे लावता येतो. पूर्ण सामानासह सायकलवर बसल्यावर मागचा शॉक त्याच्या दांड्याच्या साधारण ३० टक्के दबला पाहिजे. याला सॅग म्हणतात. दांडा ५० मिमी सरकत असेल तर सुमारे १५ मिमी. ५५ किलोच्या माणसासाठी लावलेला शॉक ८५ किलोच्या माणसाच्या पाठीला काय आराम देणार? दुकानातच सॅग लावून घ्या आणि शॉकचा खास पंप सोबत घ्या.

हायड्रॉलिक डिस्क ब्रेक घ्या. लांब उतारावर एका बोटाने ब्रेक लागतो, त्यामुळे मनगट आणि पंजा दमत नाही. बटण दाबून सीट खाली जाणारा ड्रॉपर पोस्ट पन्नाशीतल्या माणसासाठी चैन नाही. सीट खाली गेली की तोल सावरणे आणि पाय टेकवणे सोपे जाते.

खर्चाचाही विचार करा. चांगली फुल सस्पेन्शन सायकल आपल्याकडे लाखाच्या आत मिळणे कठीण आहे. शिवाय शॉकची आणि मागच्या सांध्यांतल्या बेअरिंगची नियमित सर्व्हिसिंग लागते. पावसाळ्यातल्या चिखलानंतर तर लागतेच. तेवढे करणार नसाल तर रुंद टायरची हार्डटेल घ्या. टायर २.३ इंच रुंद ठेवून हवा थोडी कमी केली तरी बारीक हादरे बरेच कमी होतात.

सायकलीआधी शरीर तपासा

शॉकमुळे वाट सोपी वाटू लागते, वेग नकळत वाढतो आणि पडणे अधिक जोरात होते. हात टेकून पडल्यावर मनगट आणि गळ्याजवळचे हाड मोडणे, हे या खेळातले नेहमीचे अपघात. म्हणून पुढील लोकांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे :

- रक्त पातळ होण्याची औषधे घेणारे. डोक्याला लागलेला साधा मारही त्यांना महागात पडू शकतो.
- हाडे ठिसूळ झालेले किंवा बराच काळ स्टेरॉइड घेतलेले.
- चढावर छातीत जड वाटणारे, धाप लागणारे किंवा हृदयविकार असलेले. ट्रेलचा चढ हळू चढायची मुभा देत नाही.
- इन्सुलिन किंवा साखर एकदम कमी करणाऱ्या गोळ्या घेणारे. खिशात ग्लुकोज ठेवा, एकटे जाऊ नका.
- पाठीची कळ पायात उतरणारे.

पायातली ताकद कमी होणे, दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर होणे किंवा लघवीवरचा ताबा जाणे यापैकी काहीही झाले तर सायकलचा विचार बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा.

हेल्मेट आणि हातमोजे सक्तीचे समजा. धनुर्वाताची लस कधी घेतली ते आठवत नसेल तर घ्या. पावसाळ्यात खरचटलेल्या जागी चिखल गेला असेल तर ती साबण-पाण्याने स्वच्छ धुवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, कारण लेप्टोस्पायरोसिसचा विचार करावा लागतो.

थोडक्यात

पैसे या क्रमाने खर्च करा : आधी तपासणी, मग हेल्मेट, मग मापाची सायकल आणि तिचे फिटिंग, आणि शेवटी मागचा शॉक. शक्य असेल तर एखादी फुल सस्पेन्शन सायकल भाड्याने किंवा मित्राकडून घेऊन दोन-तीन वेळा चालवून पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ काय म्हणते ते ऐका. दुकानदारापेक्षा तिचा सल्ला जास्त खरा असतो.