साक्षीच्या दिवशी वृत्तपत्र कोठे असते?

राजूरपासून अहिल्यानगरचे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे, जिल्हा न्यायालय शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. त्यामुळे आमच्या या डोंगरी मुलखातील बहुतेकांना मोठा फौजदारी खटला कळतो तो वृत्तपत्रातून, आणि वृत्तपत्राने जे सांगितले नाही ते घडलेच नाही असे मानण्याखेरीज त्यांना गत्यंतर उरत नाही. त्या न्यायालयात नोव्हेंबर 2017 मध्ये लागलेल्या दोन निकालांकडे म्हणूनच पुन्हा पाहिले पाहिजे. कर्जत तालुक्यातील कोपर्डीच्या बालिकेवरील अत्याचार व हत्येच्या खटल्यात तिघे आरोपी 18 तारखेला दोषी ठरले आणि 29 तारखेला त्यांना देहांताची शिक्षा फर्मावण्यात आली. या दोन तारखांच्या मध्ये, 23 तारखेला, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे 2014 साली झालेल्या एका दलित शाळकरी मुलाच्या हत्येच्या खटल्यातील सर्व नऊ आरोपी निर्दोष सुटले, कारण फिर्यादी पक्षाचे अनेक साक्षीदार न्यायासनासमोर उभे राहताच फितूर झाले होते.

कोपर्डीचा निकाल वृत्तपत्रांनी लावला असे मी मुळीच म्हणत नाही. तो पुराव्यावर लागला. परंतु त्या खटल्यामागे जागृत झालेला अवघा महाराष्ट्र उभा होता, तारखेमागून तारखेची वार्ता वाचकापर्यंत पोहोचत होती, आणि आपल्या शब्दाकडे राज्याचे लक्ष आहे ही जाणीव साक्षीदाराला बळ देते. खर्ड्याच्या हत्येनंतरही बातम्या आल्या, पुढाऱ्यांच्या भेटी झाल्या, निषेध झाला. मात्र साक्षी नोंदविण्याची वेळ आली तेव्हा ते लक्ष ओसरले होते, आणि ज्या गावात आयुष्य काढावयाचे त्या गावाचीच नजर तेवढी साक्षीदारावर उरली होती, असे मला वाटते.

प्रसिद्धीचा न्यायावर परिणाम म्हटला की आपल्याला नानावटी खटला आठवतो. 1959 साली ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने आरोपी नौदल अधिकाऱ्याची बाजू उघडपणे उचलून धरली, ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरविले, आणि तो कौल उच्च न्यायालयाने रद्द करून जन्मठेप दिली. पुढे ज्यूरी गेली. न्यायाधीश अनुभवी असतो, वृत्तपत्राने तो विचलित होत नाही, अशी समजूत आपण करून घेतली. मात्र साक्षीदार तोच सामान्य माणूस राहिला, पंच तोच राहिला, तपासी अंमलदारही माणूसच राहिला, याचा विचार फारसा झाला नाही.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून ग्राह्य नाही, हा 1872 च्या पुरावा कायद्यातील दंडक नव्या साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. तरीही अटकेच्या दुसऱ्याच दिवशी ‘आरोपीची कबुली’ मथळ्यात छापली जाते. अभिनेता सुशांतसिंह राजपूत याच्या मृत्यूच्या प्रकरणातील बेताल वार्तांकनानंतर मुंबई उच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2021 रोजी, तपास चालू असताना चालविलेला असा समांतर खटला न्यायप्रक्रियेत ढवळाढवळ ठरतो, असे स्पष्ट बजावले. सरकारी पक्षही या मोहापासून अलिप्त नाही. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यातील आरोपी कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याची बातमी देशभर गाजली, आणि ती आपण रचली होती, त्याच्याविषयी निर्माण होऊ पाहणारे भावनिक वातावरण मोडण्यासाठी, असे विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी 2015 साली जयपूर येथे सांगितले. अपराध भरभक्कम पुराव्याने सिद्ध होत असताना हे असत्य कशासाठी, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

वार्ताहरांनी फौजदारी खटल्यांपासून दूर राहावे, असे मात्र मी कदापि म्हणणार नाही. त्यांनी अटकेच्या दिवशी हात आखडता घ्यावा आणि साक्षीच्या दिवशी न्यायालयात हजर असावे. कोणता साक्षीदार कोणत्या तारखेला फिरला, त्याची पूर्वीची जबानी काय होती, त्याने संरक्षण मागितले होते काय आणि त्या अर्जावर काय हुकूम झाला, हे ज्या त्या दिवशी छापून आले पाहिजे. जिल्ह्याच्या वृत्तपत्रांनी सत्र न्यायालयासाठी एक कायमचा वार्ताहर नेमावा, आणि अटकेच्या वेळी ज्याचे छायाचित्र पहिल्या पानावर दिले तो निर्दोष सुटल्यास ती वार्ताही त्याच पानावर, तेवढ्याच जागेत द्यावी.