ताण तिचा, वाटणी घराची

अमरावतीला एका घरी आम्ही गेलो होतो. सासूबाई सुनेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "लय इचार करते हे, म्हनून पाय चालत नाई हिचे." सून खाली मान घालून बसली.

तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. या आजारात शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावर हल्ला करते. कधी दृष्टी अंधुक होते, कधी पाय बधिर पडतात. आजार उसळतो, पुन्हा ओसरतो.

सासूबाईंचे म्हणणे अगदीच खोटे नाही. २००४ साली १४ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा ताणाच्या प्रसंगांचा व आजार उसळण्याचा संबंध दिसला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात १२१ रुग्ण होते. त्यांतील काहींना ताण हाताळायला शिकवले. तेवढ्या काळात त्यांच्या मेंदूत नवे व्रण कमी उमटले; शिकवणे थांबल्यावर फायदा टिकला नाही. म्हणजे आधार सतत हवा, आणि औषधाच्या जागी नव्हे, औषधासोबत हवा. औषध मनाने बंद करू नये.

पण भगिनींनो, ताण हा रुग्णाचा गुन्हा नव्हे. "इचार करू नको" म्हटल्याने कोणाचा विचार थांबला आहे? उलट, आपल्यामुळेच आजार वाढला, हा नवा घोर तिच्या जिवाला लागतो.

या सुनेचे माहेर अकोल्याचे. मे महिन्यात तिथे पारा ४५ अंशांवर जातो आणि तिचे पाय जड होतात. उन्हाने जुनी लक्षणे वाढतात, अंग थंड झाले की उतरतात. ती खरी उसळी नव्हे. मात्र नवे लक्षण २४ तासांहून जास्त टिकले, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग नाही ना, हेही तपासून घ्यावे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराची नोंद आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. घरच्यांनी तो भरून द्यावा, तेवढीच तिची एक चिंता कमी.

निघताना आम्ही सासूबाईंना म्हटले, "आई, इचार नको करू म्हणण्यापेक्षा दुपारच्या भाकरी तुम्ही थापा, पाणी मुलाला भरू द्या." त्या काही बोलल्या नाहीत. पण हंडा उचलायला उठलेल्या सुनेला त्यांनी हात धरून बसवले.