नाचायला लावणे वेगळे, नाच शिकणे वेगळे

आंबेडकरी घरातील मुलीने कराटे शिकायचे म्हटले तर बाप आनंदाने फी भरतो. कॉम्प्युटरचा कोर्स करायचा म्हटला तर प्रसंगी उसने-पासने करतो. पण तीच मुलगी "मला डान्स क्लासला जायचंय" म्हणाली की घरात शांतता पसरते. आजी असेल तर बोलूनही दाखवते, "आम्ही त्यातून बाहेर पडलो, आन् तू परत तिकडंच निघालीस व्हय?"

या आजीला मागासलेली म्हणून हसणे सोपे आहे. मात्र तिच्या बोलण्यामागे सोवळेपणा नाही, इतिहास आहे. ज्या समाजातील स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या पाटलाच्या वाड्यासमोर, जत्रेत, फडावर नाचावे लागले, ज्यांच्या मुली देवाच्या नावाने मुरळी-जोगतिणी म्हणून सोडल्या गेल्या, त्या समाजाने नाचाकडे संशयाने पाहिले नाही तर कोणी पाहायचे? तमाशाच्या पैशातून दिलेली पठ्ठे बापूरावांची देणगी बाबासाहेबांनी नाकारली, ही हकीकत चळवळीत आजही सांगितली जाते. १९३६ साली मुंबईत दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी आणि देवदासी भगिनींना हे अपमानाचे जिणे सोडा, असे स्पष्ट सांगितले. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचा साचा घेतला, पण गवळण आणि शृंगार बाजूला सारून त्याजागी विचार ठेवला. हे सारे योग्यच होते. माणूस म्हणून उभे राहायचे असेल तर आधी जातीने लादलेले चाळ पायांतून उतरवावे लागतात.

परंतु त्याच १९३६ साली मद्रासला दुसरी एक गोष्ट घडली, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल या ब्राह्मण बाईंनी तेथे कलाक्षेत्र ही संस्था काढली. देवदासी समाजातील स्त्रिया जो सादिर नाच करीत, तोच सोज्वळ करून भरतनाट्यम् या नावाने उच्चवर्णीय घरांतील मुलींना शिकवला जाऊ लागला. म्हणजे पहा, ज्यांच्या घरात ही कला पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहिली त्या बदनाम झाल्या, आणि ज्यांनी ती क्लासमध्ये फी भरून शिकली त्या भारतीय संस्कृतीच्या प्रतिनिधी ठरल्या! आजही सदाशिव पेठेतील मुलीचे अरंगेत्रम् झाले तर निमंत्रणपत्रिका छापल्या जातात. आपली मुलगी नाचली तर लोक तिची जात विचारतात.

तेव्हा दोष नाचात आहे, की नाचायला लावणाऱ्या व्यवस्थेत? या प्रश्नाचे उत्तर नुसत्या तर्काने मिळणार नाही. आपल्यासारख्याच दुसऱ्या एका समाजाने ते प्रत्यक्ष करून पाहिले आहे, त्याकडे पाहावे लागेल.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनाही नाचायला लावलेले होते. गुलामांच्या जहाजांवर त्यांना डेकवर आणून, चाबकाच्या धाकाने नाचायला लावीत. माल सुदृढ राहावा एवढाच हेतू. पुढे गोरे नट तोंडाला काळे फासून त्यांच्या नाचाची टिंगल करीत आणि गोरे प्रेक्षक तिकीट काढून हसत. एवढे भोगलेल्या समाजानेही नाच कायमचा सोडला असता तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी सोडला नाही. त्यांनी स्वतःच्या वस्तीत स्वतःचे क्लास काढले.

फिलाडेल्फिया शहरात १९४८ साली मॅरियन कुयजेट या बाईंनी 'जुडिमार' नावाची नृत्यशाळा सुरू केली. बाई कृष्णवर्णीय, पण रंगाने इतक्या उजळ की लोक त्यांना गोरीच समजत. त्यामुळे शहराच्या मध्यभागी जागा भाड्याने मिळे. मग संध्याकाळी काळी मुले जिना चढू लागली की घरमालकाच्या ध्यानात येई आणि जागा सोडावी लागे. पुन्हा नवी जागा, पुन्हा तेच. १९१७ साली बडोद्यात पारशी धर्मशाळेतून बाबासाहेबांना ज्या कारणाने बाहेर काढले गेले, त्याच कारणाचा हा अमेरिकन अवतार. वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

या जुडिमारमध्ये सहा वर्षांची एक मुलगी दाखल झाली, ज्युडिथ जेमिसन. ती तेथेच लहानाची मोठी झाली. ज्या बॅलेच्या दुनियेत काळ्या मुलीला जागाच नव्हती, त्या बॅलेचे संपूर्ण शिक्षण तिला तिच्या समाजाच्या बाईंनी दिले. दार बंद आहे म्हणून शिक्षण अर्धे दिले नाही, हे महत्त्वाचे. पुढे न्यूयॉर्कमध्ये काम मिळेना तेव्हा जागतिक प्रदर्शनातील एका राईडवर नोकरी करण्याचीही वेळ तिच्यावर आली. १९६५ साली ती आल्विन एली यांच्या नृत्यसंघात गेली. १९७१ मध्ये एलींनी आपल्या आईच्या वाढदिवसाची भेट म्हणून 'क्राय' हे नृत्य बसवले, ते जेमिसनने एकटीने सुमारे सोळा मिनिटे केले. त्यात तिच्या हातातील लांब पांढरे कापड एका क्षणी फरशी पुसण्याचे फडके होते आणि दुसऱ्या क्षणी खांद्यावरची शाल. दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करून मुले शिकवलेल्या आपल्या आया ते नृत्य पाहतील तर त्यांना कोणी अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. १९८९ ते २०११ या काळात जेमिसनबाई एलींच्या संस्थेच्या प्रमुख होत्या. २०२४ मध्ये त्या वारल्या.

दुसरे उदाहरण हार्लेमचे. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याला लागूनच हा कृष्णवर्णीयांचा भाग आहे. तेथे १९३४ साली जन्मलेला आर्थर मिशेल हा मुलगा घराला हातभार लावीत शिकला आणि १९५५ मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅले या नामांकित संघात गेला. १९५७ साली 'अगॉन' या बॅलेत तो गोऱ्या नर्तिकेबरोबर जोडीने नाचला. काळ्या पुरुषाचा हात गोऱ्या स्त्रीच्या हातात! अमेरिकेच्या व्यापारी दूरचित्रवाणीने ते जोडीचे नृत्य १९६८ पर्यंत दाखवले नाही.

४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्युथर किंग यांची हत्या झाली. मिशेल तेव्हा ब्राझीलमध्ये बॅलेसंघ उभारण्याच्या कामात होता. ते काम सोडून तो हार्लेमला परतला आणि त्या उन्हाळ्यात त्याने एका गॅरेजमध्ये वस्तीतील मुलांना शिकवायला सुरुवात केली. पहिल्या दिवसांत तीसेक मुले होती. उकाड्यामुळे गॅरेजची दारे सताड उघडी ठेवलेली, रस्त्यावरून जाणारा थांबून पाही. दोन महिन्यांत मुले चारशे झाली. मुलगे तंग मोजे घालायला लाजत, तर त्याने कापलेल्या जीन्समध्ये येऊ दिले. बॅलेच्या संगीतात ढोल आणला. शिस्तीत मात्र सूट नव्हती. १९६९ मध्ये कॅरेल शूक या आपल्या गोऱ्या गुरूला सोबत घेऊन त्याने 'डान्स थिएटर ऑफ हार्लेम' ही संस्था रीतसर स्थापन केली.

त्यावेळी मिशेलवर टीका झालीच. काळ्या अस्मितेचे ते दिवस, आणि हा युरोपच्या राजदरबारातला नाच शिकवतो! बाबासाहेबांच्या सुटाबुटावर नाके मुरडणारे आपल्याकडेही होते, त्याच जातीची ही टीका. मिशेलने उत्तर कामातून दिले. बॅले नाचणाऱ्या मुली गुलाबी मोजे आणि गुलाबी बूट घालतात. का? तर गोऱ्या कातडीशी जुळावेत म्हणून. १९७४ पासून हार्लेमच्या मुली आपापल्या त्वचेच्या रंगाचे मोजे-बूट वापरू लागल्या. बाजारात तसे बूट मिळत नसत, म्हणून ते हाताने रंगवावे लागत. इंग्लंडमधील फ्रीड या प्रसिद्ध कंपनीने तपकिरी रंगाचे बॅलेचे बूट काढले ते २०१८ साली. चव्वेचाळीस वर्षे मुली संध्याकाळी बूट रंगवीत बसल्या! पुढे १९८४ मध्ये 'जिझेल' हा जुना बॅले या संघाने लुईझियानातील १८४१ च्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांमध्ये नेऊन बसवला. त्या समाजात ज्याचे घराणे गुलामगिरीतून जितके आधी सुटले तितका तो वरचा. दलितांमध्येही पोटजाती पाळणाऱ्यांनी हा बॅले एकदा जरूर पाहावा. श्रेणीबद्ध विषमता आपल्याच मालकीची नाही.

त्या 'जिझेल'मध्ये मुख्य भूमिका करणारी व्हर्जिनिया जॉन्सन वॉशिंग्टनमध्ये थेरेल स्मिथ या कृष्णवर्णीय बाईंच्या नृत्यशाळेत शिकू लागली होती. पुढे गोऱ्यांच्या शाळेत गेली, तेथे तिला बॅलेत तुझे काही होणार नाही, असे सांगण्यात आले. ती हार्लेमला आली आणि संस्थेच्या पहिल्या नर्तिकांपैकी एक झाली. २००४ मध्ये कर्जामुळे नृत्यसंघ बंद करावा लागला. वर्ग मात्र चालवले गेले, आणि २०१२ मध्ये त्याच जॉन्सनबाईंच्या नेतृत्वाखाली संघ पुन्हा उभा राहिला. संघ मोडला तरी शाळा टिकली म्हणूनच हे झाले, असे माझे मत आहे.

अशा क्लासमध्ये वाढणाऱ्या शंभर मुलांपैकी नव्व्याण्णव नर्तक होत नाहीत. मग त्यांना काय मिळते? मला वाटते, सर्वांत आधी शरीर मिळते. जातीने आपल्या माणसाच्या मनाआधी त्याच्या शरीराला शिक्षण दिले: वाक, बाजूला हो, सावली पडू देऊ नकोस, जोहार घाल. शाळेत मागे बसलेले पोर आजही खांदे पाडून बसते. नाचाच्या वर्गात त्याला रोज तास-दीड तास मान वर, पाठ ताठ, नजर समोर ठेवावी लागते, आणि त्याच्यावाचून रांग पुरी होत नाही. तेथे गुरू खांद्याला, पाठीला हात लावून चूक दुरुस्त करतात. ज्यांच्या पणजोबांना शिक्षकाने छडीसुद्धा लांबून फेकून मारली, त्यांच्यासाठी हा साधा स्पर्श साधा नाही. शिवाय तेथे मोठी मुले लहानांना शिकवतात आणि एक पायरी जमायला सहा-सहा महिने लागतात. टीव्हीवरच्या रिअॅलिटी शोमध्ये हे कधी दिसत नाही. तेथे पोरांना तीन मिनिटांत रडवून एसएमएस मागितले जायचे, आता व्होट मागतात.

आता कोणी म्हणेल, आमची पोरे नाचतच नाहीत की काय? १४ एप्रिलला डीजेपुढे चार-चार तास नाचतात! नाचतात, आणि त्या दिवशीचा आनंद मी हिरावून घेऊ इच्छित नाही. पण त्या गर्दीत आपल्या मुली कोठे असतात? त्या गॅलरीतून पाहतात. वर्षातून एकदा बेभान होणे आणि वर्षभर शिकणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. मुंबईच्या गरीब वस्त्यांतील दोन मुले बॅले शिकून परदेशापर्यंत पोहोचली, त्यांच्यावर २०२० मध्ये 'ये बॅले' हा चित्रपट निघाला. त्यांना गुरू भेटला हे त्यांचे नशीब. समाजाने मुलांना नशिबावर सोडायचे नसते.

वस्तीतल्या क्लासला फार पैसा लागत नाही, पण काही गोष्टी लागतातच. सिमेंटच्या कोब्यावर रोज उड्या मारल्या तर वाढत्या मुलांचे गुडघे जातात, म्हणून लाकडी तक्तपोशी किंवा निदान जाड रबरी चटई हवी. एक आरसा, भिंतीलगत एक आडवी दांडी. फी अगदी थोडी असावी, पण असावी, कारण फुकटच्या वर्गाला आपलेच लोक मान देत नाहीत. आणि दारे उघडी, मिशेलच्या गॅरेजसारखी. स्पर्शाचा वर उल्लेख केला, त्याची दुसरी बाजूही आहे. बंद खोलीत एकटा शिक्षक आणि लहान मुली, असा वर्ग कोणत्याही समितीने चालवू नये. महिला मंडळाच्या दोघी जणी रोज तेथे बसल्याच पाहिजेत.

शिकवणार कोण, हा खरा प्रश्न. शहरातून ट्रेनर आणा, हरकत नाही. पण ज्या भगिनींनी फडावर आयुष्य काढले त्यांनाही बोलवा, मानधन देऊन, गुरू म्हणून. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते पदके मिळाली, आणि २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा दवाखान्याच्या बिलाची चिंता होती. नंतर शासनाने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला. पुरस्काराऐवजी त्यांच्या हयातीत त्यांना एखाद्या वर्गाची बाई म्हणून महिन्याचा पगार मिळाला असता तर? लावणी कोणी शिकायची, कोणापुढे करायची, करायचीच की नाही, हे त्या वर्गात शिकणारी मुलगी ठरवील. तिच्या पणजीला हा अधिकार नव्हता.

विहारात नाच कसा, असा आक्षेप येईल. विहारात नकोच. समाजमंदिर आहे ना! त्याची किल्ली नगरसेवकाकडे असते आणि ते जयंती, निवडणूक व लग्न सोडून उघडत नाही. शाळांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात. मे महिन्यातल्या लग्नतिथी वगळल्या तरी पंधरा-वीस संध्याकाळी मोकळ्या निघतात. यंदा किल्ली मागण्याचे काम महिला मंडळाकडेच द्यावे.