धरणाच्या हिशेबात माशाचं पाणी कुठं आहे?



फेब्रुवारी संपत आला की संघात एकच प्रश्न येतो, "सेक्रेटरी, वरनं पाणी कधी सुटणार?" वर म्हणजे काळम्मावाडी आणि पाटगाव. दूधगंगा आणि वेदगंगा दोन्ही महाराष्ट्रातनं येतात, भोजजवळ एक होतात आणि पुढं कल्लोळजवळ कृष्णेला मिळतात. धरणं तिकडं, आपली जाळी इकडं. त्यामुळं पाणी कमी सुटलं की सगळ्यात आधी आपल्याला कळतं आणि सगळ्यात शेवटी आपल्याला विचारलं जातं. खरं म्हणजे विचारलंच जात नाही.

माझं म्हणणं असं आहे की आपण प्रश्नच चुकीचा विचारतोय. पाणी कधी सुटणार, यापेक्षा रोज किती वाहणार हे विचारायला पाहिजे. पाणी सुटतं ते उसाच्या पाळीला. पाळी आली की बंधारे भरतात, दोन्ही काठांच्या मोटारी सुरू होतात, आणि काही दिवसांत नदी परत उतरते. पुढच्या पाळीपर्यंत जे उरतं त्याला नदी म्हणायची की तळ्यांची माळ? जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, एका बंधाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत साचलेलं पाणी. त्यात गावांची गटारं येतात, शेतातलं खत येतं, हंगामात कारखान्यांची मळीही येते. वाहत्या पाण्यात ही घाण पातळ होऊन पुढं जाते, साचलेल्या पाण्यात तिथंच कुजते. आणि कुजायला लागतो प्राणवायू, तोच जो माशाला लागतो.

मासे जगायला एक लिटर पाण्यात निदान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू पाहिजे, हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचंच माप आहे. पाणी जितकं तापेल तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला स्वच्छ पाण्यात ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसात. म्हणजे एप्रिल-मेमध्ये मुळातच कमी, त्यात घाण, वर केंदाळाचं झाकण. रात्री शेवाळ आणि पाणवनस्पतीसुद्धा प्राणवायू ओढतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात खाली जातो. पहाटे जाळं काढायला जाणाऱ्याला हे आकडे सांगायला नकोत. वर तोंड काढून आ वासणारा मासा त्यानं बघितलेला असतो.

आणि मग कुणीतरी बरगे काढतं. तळाचं काळं पाणी एकदम खाली येतं. पंचगंगेवर तेरवाड बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. पहिल्या पावसाचं पाणीही असंच, वरची साचलेली घाण धुऊन आणतं. नेमकं त्याच वेळी कटला, रोहू, मिरगल अंड्यावर आलेले असतात. हे मासे चढत्या, वाहत्या पाण्यात अंडी सोडतात. उन्हाळ्यात डोहात अर्धमेला झालेला मासा पावसात काय पिल्लं देणार? जाळ्यात चिलापी आणि मांगूर वाढलेत, वाम आणि शिंगाळा कमी झालेत, त्याचं मला तरी आश्चर्य वाटत नाही. मांगूर हवेतनं श्वास घेतो, चिलापी कमी प्राणवायूत तग धरते. नदी जशी, तसा मासा.

आता हिशेब बघू. काळम्मावाडीची क्षमता २५.४० टीएमसी. धरणाला गळती आहे, ती सगळ्यांना माहीत आहे. त्यातनं कर्नाटकाचा वाटा ४ टीएमसी. २०२३ च्या दिवाळीत कोल्हापूरला थेट पाईपलाईननं इथलंच पाणी पोहोचलं. इचलकरंजीच्या सुळकूड योजनेवरनं वाद चालू आहे. लोकांच्या पिण्याच्या पाण्याला माझा विरोध नाही, तहान सगळ्यांची सारखी. पण पाईपमधनं जाणारं पाणी नदीला लागत नाही, हे तर खरं? दूधगंगेचं चांगलं पाणी नळानं कोल्हापूरला जातं, वापरून झालं की पंचगंगेत उतरतं, नरसोबावाडीला कृष्णेत मिसळतं, राजापूर बंधारा ओलांडतं आणि कल्लोळला आपल्या नावांखाली येतं. गेलं दूध म्हणून, आलं ताकसुद्धा नाही.

नदीत किमान पाणी वाहतं ठेवायचं ही मागणी काही आपल्या डोक्यातनं निघालेली नाही. कृष्णा पाणी तंटा लवादानं २०१० च्या निवाड्यात किमान प्रवाहासाठी वेगळं पाणी धरलं होतं: कर्नाटकाला ७ टीएमसी, महाराष्ट्राला ३, तेव्हाच्या आंध्राला ६. निवाडा सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि ते पाणी कागदावर राहिलं. वरच्या गंगेसाठी मात्र केंद्रानं ऑक्टोबर २०१८ मध्ये नियम काढला. हरिद्वारपर्यंत नोव्हेंबर ते मार्च २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मेमध्ये २५ टक्के, पावसाळ्यात ३० टक्के प्रवाह सोडायचाच. गंगेला चालतं, मग दूधगंगेला का नाही? नावात गंगा हिच्याही आहे.

आणि पाणी लागतं तरी किती? १०० क्युसेक पाणी सलग १०० दिवस सोडलं तर होतात ०.८६ टीएमसी. एक टीएमसीसुद्धा नाही. हे आपल्याच ४ टीएमसीतनं बसवता येईल, महाराष्ट्राशी भांडायचीही गरज नाही. पाळीचं पाणी पाळीला, पण मधल्या दिवसांत थोडी धार चालू ठेवा, एवढंच.

इथं काही सभासद म्हणतील, ती धार आपल्यापर्यंत पोहोचणारच नाही, वाटेतल्या मोटारी ओढतील. बरोबर आहे. त्यात आपल्या काठाच्याही मोटारी आल्या, आणि त्या कुणाच्या आहेत हे नावं न घेता सगळ्यांना माहीत आहे. आपल्यातल्या निम्म्या घरांत ऊस आहे, जाळंही आहे. म्हणून मधल्या दिवसांत उपसाबंदी मागायची तर दोन्ही राज्यांत मागावी लागेल. फक्त पलीकडच्यांना नावं ठेवून ठराव केला तर तो मला सही करायला जड जाईल.

दुसरं, बरगे काढण्याआधी कळवणं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर विसर्ग किती क्युसेक, हे पावसाळ्यात तासातासाला मोबाईलवर येतं. तीच सोय मे महिन्यात का नको? दोन दिवस आधी कळलं तर जाळी, नावा आणि पिंजऱ्यातला मासा तरी वाचवता येईल.

येत्या मासिक बैठकीत हे दोन्ही ठराव मांडतोय: ४ टीएमसीतनं रोजची किमान धार, आणि बरगे काढण्याची आगाऊ सूचना. प्रत पाटबंधारे खात्याला, मत्स्य खात्याला आणि दोन्ही राज्यांच्या प्रदूषण मंडळांना जाईल. नुसत्या तक्रारीला कोण विचारत नाही, म्हणून प्रत्येक नावमालकानं एक वही ठेवा. कुठल्या बंधाऱ्याजवळ पाणी थांबलं, रंग-वास कधी बदलला, मासा वर कधी आला, मेला तर कुठला आणि किती, तारीख-वेळ आणि फोटोसकट. मेलेला मासा लगेच फेकू नका, आधी फोन करा. पाण्याचा नमुना त्याच दिवशी घेतला तरच उपयोग होतो, दुसऱ्या दिवशी नदी पुढं गेलेली असते.

– सेक्रेटरी