शस्त्र पिशवीत ठेवून रक्षण होत नाही

जुन्नर-आंबेगावच्या शिवारात दिवस मावळला की वस्त्यावस्त्यांवरून एकच हाक ऐकू येते, ‘पोरांना आत घ्या.’ ज्या मातीत १६३० साली शिवनेरीवर महाराष्ट्राच्या निर्भयतेचा जन्म झाला, त्या मातीतील माणसाने सायंकाळी सात वाजता दाराला कडी लावून बसावे, ही खेदाची गोष्ट आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये जुन्नर वनविभागात येणाऱ्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याने अवघ्या तीन आठवड्यांत तीन बळी घेतले. त्यांत दोन मुले होती आणि एक वृद्धा होती. संतप्त ग्रामस्थांनी मंचर येथे पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. त्यानंतर यंत्रणा हलली आणि त्या भागात फिरणाऱ्या एका नरभक्षक बिबट्याला शार्पशूटरांनी ठार केले. पुढे डिसेंबरमध्ये जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा वेश परिधान करून नागपूरच्या विधानभवनात पोहोचले. त्या वेशाचे अनेकांना हसू आले असेल. परंतु गळ्याला खिळ्यांचा पट्टा बांधून शेतात राबणाऱ्या पिंपरखेडच्या स्त्री-पुरुषांची छायाचित्रे ज्यांनी पाहिली, त्यांना हसू येणे शक्य नव्हते.

या पार्श्वभूमीवर एक प्रश्न या भागात वारंवार कानी येतो. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोची रोकड घेऊन रात्री परतणारा व्यापारी तो विचारतो, मध्यरात्री पंप सुरू करण्यासाठी जीपने मळ्यात जाणारा बागायतदारही विचारतो. ‘गाडीत जॅक असतो, प्रथमोपचाराची पेटी असते, बॅटरी असते. त्याच पिशवीत परवडेल असे एखादे पिस्तूल ठेवले तर काय बिघडले?’

या प्रश्नाची टवाळी करण्याचा अधिकार शहरात सुरक्षित बसलेल्या कोणालाही नाही. परकीय सत्तेने १८७८ च्या शस्त्र कायद्याने या देशातील सामान्य माणसाच्या हातातील शस्त्र काढून घेतले आणि युरोपियनांना मात्र त्या बंधनातून मोकळे ठेवले. निःशस्त्र समाजाला भिववणे सोपे असते, हे त्या राज्यकर्त्यांना पक्के ठाऊक होते. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा केला, त्यात परवान्याची वाट ठेवली. स्वसंरक्षणाचा हक्क जुन्या दंडसंहितेत होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याला सर्वोच्च संरक्षण दिले असले, तरी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या प्राणरक्षणासाठी सद्भावनेने केलेला प्रतिकार त्याच कायद्याच्या अकराव्या कलमाने गुन्ह्यातून वगळला आहे. तेव्हा शस्त्र बाळगण्याची इच्छा हे पाप नव्हे. प्रश्न एवढाच आहे की, पिशवीत ठेवलेले पिस्तूल खरोखर कोणाचे रक्षण करते?

प्रथम बिबट्याचाच विचार करू. बिबट्या समोर येऊन आव्हान देत नाही. तो उसाच्या कडेला दबा धरून बसतो, वाकलेल्या किंवा बसलेल्या माणसावर मागून झेप घेतो आणि मानेचा वेध घेतो. सारा प्रकार काही क्षणांत उरकतो. त्या वेळी पिस्तूल बांधावर उभ्या केलेल्या जीपमध्ये, पिशवीच्या तळाशी असणार. समजा ते हाती आले, तरी अंधारात, थरथरत्या हाताने, आपल्याच मुलाला धरलेल्या जनावरावर गोळी झाडणे कोणाला साधेल? प्रशिक्षित शार्पशूटरही अशा मोहिमेत बेशुद्धीचे इंजेक्शन, दिवे आणि वाहने घेऊन पथकाने उतरतात. परवान्यावर सामान्यतः मिळणाऱ्या ०.३२ बोअरच्या हातशस्त्राने बिबट्या जागीच पडेल याची शाश्वती नाही. आणि जखमी होऊन उसात शिरलेला बिबट्या उद्या ऊस तोडायला येणाऱ्या मजुराच्या वाट्याला येतो.

आता दरोडेखोराचा विचार करू. महामार्गावर गाडी अडवणारा माणूस आपल्याला पिशवीची चेन उघडायला अवधी देत नाही. उलट, मालक जेवायला ढाब्यात बसला असताना काच फोडून पिशवी लांबवणे त्याला सहज जमते. रक्षणासाठी घेतलेले शस्त्र अशा रीतीने गुन्हेगाराच्या हाती जाते आणि त्याचा जाब परवानाधारकाला द्यावा लागतो. शिवाय गाडी एकट्याची नसते. ती चालक नेतो, भाचा नेतो, शाळेतून मुलांना आणण्यासाठी सूनबाई नेतात. मागच्या आसनावरील पिशवीत खाऊ शोधणाऱ्या पाच वर्षांच्या बालकाच्या हाती काय लागेल, याची कल्पनाच पुरेशी आहे. म्हणून आम्ही निःसंदिग्धपणे सांगतो की, शस्त्र मालकाच्या अंगावर असावे किंवा कुलपात असावे. त्याला तिसरी जागा नाही.

ज्याची निकड खरी आहे, त्याने कायद्याच्या राजमार्गानेच जावे. ग्रामीण भागात परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात असतो, पोलिसांच्या चौकशी अहवालानंतर त्यावर निर्णय होतो. २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणावर आणि ते सुरक्षित ठेवण्याच्या हमीवर भर दिला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांसाठी असतो आणि एका व्यक्तीला दोनपेक्षा अधिक बंदुका ठेवता येत नाहीत. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकासाठी निषिद्ध आहे. विशेष म्हणजे, वीस इंच किंवा अधिक लांबीच्या नळीची साधी छऱ्यांची बंदूक संरक्षणासाठी मागणाऱ्याकडे आणि पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याकडे हा कायदा अधिक उदारपणे पाहतो. मळ्यातील वस्तीवर एकाकी राहणाऱ्या शेतकऱ्याला शहरी धाटणीच्या पिस्तुलापेक्षा अशी बारा बोअरची बंदूक अधिक उपयोगी आहे. ती खिशात मावत नाही, हाही तिचा गुणच मानावा.

हातशस्त्रच घ्यायचे असेल तर ‘परवडणारे’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे सुमारे अर्धा किलो वजनाचे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आणले, तेव्हाच त्याची किंमत करांसह १ लाख २२ हजारांच्या घरात होती. सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवरील वस्तू व सेवा कर ४० टक्क्यांवर गेला आहे. त्यावर भिंतीत किंवा जमिनीत पक्की बसवलेली लोखंडी तिजोरी, सरावाच्या गोळ्या आणि प्रशिक्षण यांचा खर्च आलाच. वजनाला हलके शस्त्र हाताला अधिक झटका देते, हे नवख्याने लक्षात ठेवावे. सराव थोडा असणाऱ्याला पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर बरे. त्याचे गोल चक्र बाहेर काढले की गोळ्या आहेत की नाहीत हे डोळ्यांना दिसते. पिस्तुलाची मॅगझिन काढली तरी नळीच्या मागील टोकाशी, चेंबरमध्ये, एक गोळी उरू शकते, आणि ‘रिकामे आहे’ असे समजून चाप ओढल्याने अपघात होतात. घरी शस्त्र एका कुलपात आणि गोळ्या दुसऱ्या कुलपात असाव्यात. किल्ली परवानाधारकाखेरीज कोणाकडेही असू नये. प्रवासात शस्त्र होल्स्टरमध्ये, अंगावर आणि झाकलेले असावे. परवाना सोबत असावा आणि त्यावर लिहिलेले क्षेत्र निघण्यापूर्वी वाचावे, कारण आळेफाट्याहून माळशेज उतरला की ठाणे जिल्हा लागतो आणि नाशिकच्या दिशेने बोट्याकडे गेला की अहिल्यानगर. जिथे शस्त्र नेता येत नाही अशा ठिकाणी जायचे असेल, तर ते गाडीत न ठेवता घरच्या तिजोरीतच ठेवून निघावे. चोरीला गेले तर क्षणाचाही विलंब न लावता पोलीस ठाणे गाठावे.

हा खर्च आणि ही दगदग नको म्हणून काही तरुण ‘स्वस्तातला’ मार्ग शोधतात, तो गावठी कट्ट्याचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी मध्य प्रदेशातील उमरटी गावात जाऊन अशी पिस्तुले बनवणाऱ्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या, तेव्हा या व्यापाराची नाळ पुण्याशी कशी जोडली आहे हे उघड झाले. हे शस्त्र शत्रूऐवजी चालवणाऱ्याच्याच हातात फुटू शकते. ते नुसते जवळ सापडले तरी किमान दोन वर्षांचा कारावास ठरलेला आहे. ज्या पैशातून ते विकत घेतले जाते, तोच पैसा गुन्हेगारी टोळ्यांना पोसतो. आत्मरक्षणाच्या नावाखाली गुन्हेगारांना भांडवल पुरवणे हा कुठला पुरुषार्थ?

परवाना असलेल्यांनीही आपल्याकडे पाहावे. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात एका सरपंचाची निर्घृण हत्या झाली आणि त्यानंतर तेथील शस्त्रपरवान्यांची छाननी होऊन अनेक परवाने रद्द करण्यात आले. कमरेचे पिस्तूल हा दागिना झाला, लग्नाच्या वरातीत आणि समाजमाध्यमांवरील चित्रफितींत ते मिरवू लागले, की खऱ्या गरजवंताच्या अर्जाकडेही प्रशासन संशयाने पाहू लागते. जुन्नरच्या एकाकी वस्तीवरील शेतकऱ्याला परवाना मिळणे दुरापास्त होते, त्यात या मिरवणाऱ्यांचाही वाटा आहे.

मग गाडीतील पिशवीत काय असावे? प्रखर बॅटरी, घुंगुरकाठी, शिट्टी, दोर, पाणी, मोबाइलची जादा बॅटरी, जखमेवर बांधायच्या पट्ट्या आणि साबण. बिबट्याचे नख किंवा दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच रुग्णालयात जाऊन रेबीजची लस घ्यावी. वनविभागाचा १९२६ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावेत. गाडीचा भोंगा आणि दिवे हीसुद्धा मोठी साधने आहेत. अंधारात गाडीतून उतरण्यापूर्वी त्यांचा उपयोग करण्याची सवय लावून घ्यावी.

आणि मूळ दुखण्याचे काय? येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे या धरणांनी या तालुक्यांत समृद्धी आणली, त्या पाण्यावर उसाचे रान उभे राहिले आणि बिबट्याला वर्षभर आडोसा मिळाला. त्याच्या पिढ्या आता उसातच जन्मतात. २००१ पासून येथील बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याचा सपाटा लावला गेला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाने दाखवले की, त्यानंतर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. घाईचा उपाय अंगाशी आला. जिल्हा प्रशासनाने जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांतील २३३ गावे बिबट आपत्तिप्रवण ठरवली आहेत. नाव ठरवून आपत्ती टळत नाही. शेतीला दिवसा वीज द्या, म्हणजे शेतकऱ्याला रात्री पाण्याला जावे लागणार नाही. वस्त्यांवर दिवे लावा, गोठे बंदिस्त करा, ऊसतोड मजुरांच्या खोपींना कुंपण द्या, पिंजरे आणि शीघ्र कृती दले पुरेशी ठेवा. मृताच्या कुटुंबाला २५ लाख रुपये देणाऱ्या शासनाने त्या माणसाचे प्राण वाचवण्यासाठी आधी खर्च करायला शिकावे.

शासनाकडे बोट दाखवताना समाजालाही आपले कर्तव्य आठवले पाहिजे. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातील महादेव कोळी बांधव वाघबारस पाळतात. श्वापदाशी गाठ पडणार हे गृहीत धरून साऱ्या गावाने एकत्र येण्याची ती रीत आहे. सायंकाळी मुलांना घोळक्याने घरी आणणे, रात्री मळ्यात दोघा-तिघांनी मिळून जाणे, गावागावांत तरुणांची रक्षक दले उभारणे हे आजच्या काळातील तिचे रूप ठरेल. त्याला परवाना लागत नाही.

प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ मध्ये शिवराय अफजलखानाला भेटले, तेव्हा शस्त्र त्यांच्या अंगावर होते, अंगरख्याखाली चिलखत होते आणि जावळीच्या रानात मावळे सज्ज होते. शस्त्र, सावधपणा आणि संघटना या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या. पहिली गोष्ट विकत घेऊन पिशवीत टाकायची आणि उरलेल्या दोन विसरायच्या, याला रक्षण म्हणता येत नाही. विजयादशमीला आपण शस्त्राची पूजा करतो, ती त्याच्या धारेची नसून ते धारण करणाऱ्याच्या संयमाची असते. ज्याला हे व्रत पेलवेल त्याने परवाना घेऊन ते अवश्य पाळावे. बाकीच्यांनी आज सायंकाळी शेजाऱ्याच्या दारी जावे आणि उद्या रात्री मळ्यात कोणी कोणाबरोबर जायचे, ते ठरवावे.